रक्ताचा गुण, माणसाचा दोष



व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारावयास आले, तेव्हा बोनस, किमान वेतन किंवा नवा कामगार कायदा यांपैकी काही तरी मी सांगेन अशी त्यांची समजूत होती. मी एच.आय.व्ही.चे नाव काढले तेव्हा ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "त्यासाठी एखाद्या डॉक्टरांनाच बोलावले तर?" त्यांचे म्हणणे रास्त होते. माझी शाळा नववीत सुटली. पुढे गॅरेजात पाने हातोडे उचलले, आणि मग मोटार कामगार व बाजारपेठेतील हमाल यांच्या युनियनचे काम गळ्यात पडले. जे थोडेफार शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि ओळखीच्या डॉक्टरांना सतावून. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण त्याचे एक जुने देणे माझ्यावर आहे. ते आज आपल्या साक्षीने थोडे फेडावे, इतकाच हेतू.

दोन सोबती

१९९८ सालची गोष्ट. आमच्या युनियनचे दोन ड्रायव्हर एकाच ट्रकवर पाळीपाळीने गाडी चालवीत. नावे सांगत नाही. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा. रस्ता एक, ढाबा एक, मुक्काम एक, आणि घरापासून महिना महिना दूर राहणाऱ्या माणसाच्या हातून ज्या चुका होतात त्याही एकच. थोरल्याला खोकला लागला, वजन उतरले, रक्त तपासले, आणि रिपोर्ट वाईट आला. मालकाने आठ दिवसांत हिशेब हातात ठेवला. धाकट्याने घाबरून तीनदा तपासणी करून घेतली. तिन्ही वेळा तो निर्दोष.

झाले! अड्ड्यावर लोकांनी निकाल दिला. हा सुटला ते याचे पुण्य, तो सापडला ते त्याचे पाप. धाकटाही छाती काढून सांगू लागला की, आपले रक्तच कडक आहे, आपल्याला काही बाधत नाही. थोरला युनियनच्या कचेरीत आला की त्याच्यासाठी चहाचा वेगळा ग्लास निघे. तो ग्लास मी पाहत होतो. मी सरचिटणीस होतो. मी काही बोललो नाही.

बोललो नाही, कारण माझ्याही मनात तोच प्रश्न होता: दोघांनी एकच केले, मग एकच का सापडला? त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. पुढे बरीच वर्षे वाचून जे समजले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

विषाणू आत कसा चढतो

एच.आय.व्ही. हा विषाणू. त्याला स्वतःचे घर नाही, स्वतःची शिदोरी नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरून, तिचीच यंत्रसामग्री वापरून त्याला आपली संख्या वाढवावी लागते. तो ज्या पेशी निवडतो त्या आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका जातीच्या आहेत. शरीराच्या संरक्षणाची सारी व्यवस्था हलविणाऱ्या या पेशी. त्याच मेल्या म्हणजे क्षयासारख्या रोगांना रान मोकळे होते.

आता हा विषाणू पेशीत शिरतो कसा? आपण धावती लोकल पकडणारा माणूस पाहिला आहे. तो आधी हाताने दांडा धरतो आणि मग पायरीवर पाय टेकतो. दांडा हाती लागला पण पायरीच नसली, तर त्याला आत जाता येत नाही. चार पावले फरपटेल आणि हात सुटेल. एच.आय.व्ही.चे असेच आहे. पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे एक प्रथिन असते, तो त्याचा दांडा. हा दांडा १९८४ मध्येच ओळखला गेला. पण नुसत्या दांड्याने काम भागत नाही हेही लवकरच ध्यानात आले, आणि पायरीचा शोध पुढे बारा वर्षे चालला. १९९६ साली ती सापडली. तिचे नाव सीसीआर-५. हे प्रथिन विषाणूच्या सोयीसाठी तिथे बसलेले नाही, हे उघडच आहे. शरीरात कुठे दाह झाला की पेशींना तिकडे बोलावणारे जे रासायनिक निरोप सुटतात, ते घेण्याचे काम ते करते. विषाणू आपला त्या पायरीवर पाय ठेवून चढतो.

बत्तीस अक्षरांची गाळणी

पायरीचा शोध लागत असतानाच दुसऱ्या बाजूने काही माणसांचा शोध चालला होता. न्यूयॉर्कमध्ये स्टीफन क्रोन नावाचा एक चित्रकार राहत असे. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये या रोगाने गेला. तेव्हा रोगाला धड नावही नव्हते. मागोमाग मित्र गेले, एकामागून एक, डझनांनी. क्रोनचे राहणे त्यांच्याहून वेगळे नव्हते, आणि त्याला मात्र काही होईना. "माझ्यात काय आहे ते शोधा," असे म्हणत तो स्वतः संशोधकांकडे गेला. त्याच्या पांढऱ्या पेशी काढून त्यांवर प्रयोगशाळेत विषाणूचा मारा करण्यात आला. मात्रा हजारो पटींनी वाढविली, तरी विषाणू आत शिरेना.

कारण १९९६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाले. क्रोनच्या पेशींवर पायरीच नव्हती!

ती का नव्हती, हे समजावयास थोडे थांबावे लागेल. शरीरातील प्रत्येक प्रथिन कसे घडवावे याची लेखी आज्ञा आपल्या डीएनएमध्ये असते. त्या एका आज्ञेला जनुक म्हणतात. ही आज्ञा चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली असते, आणि पेशी ती तीन तीन अक्षरांचे शब्द पाडून वाचते. मध्ये विरामचिन्ह नाही, मोकळी जागा नाही. आमच्या भाषेत सांगावयाचे तर "मदन सरळ सडक पकड" हे वाक्य घ्या. सगळे शब्द तीन अक्षरी. आता त्यातली "स" आणि "र" ही दोनच अक्षरे गाळा, आणि पुन्हा तिनाचे शब्द पाडून वाचा. "मदन ळसड कपक ड." दोन अक्षरे गेली, पण पुढची सारी आज्ञा नासली. मदन बिचारा कुठली सडक पकडणार?

सीसीआर-५ च्या जनुकात काही माणसांच्या ठिकाणी सलग ३२ अक्षरे गळालेली असतात. तिसाचे दहा शब्द गेले असते तर गोष्ट वेगळी. पण बत्तीस म्हणजे तिसावर दोन. त्या दोनांमुळे पुढचे सर्व वाचन सरकते, प्रथिन अर्धवट बनते, आणि पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. दांडा आहे, पायरी नाही.

एक प्रत आणि दोन प्रती

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहिलेल्यांना सिकलसेलचा आजार परिचयाचा असेल. तिथे हाच हिशेब चालतो. बदललेली प्रत एकच असली तर माणूस साधारण धडधाकट राहतो आणि घातक मलेरियापासून त्याला पुष्कळसे संरक्षण मिळते. पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून ॲलिसन यांनी हे १९५४ मध्ये दाखविले. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तर मात्र तो आयुष्यभर यातना भोगतो. सीसीआर-५ चे गणित उलटे आहे. एकच प्रत गळकी असली तर लागण टळत नाही. मात्र औषध न घेणाऱ्या माणसातही रोग बळावावयास सरासरीने दोन-तीन वर्षे अधिक लागतात. दोन्ही प्रती गळक्या असल्या तर लागण बहुधा होतच नाही.

"बहुधा" हा शब्द मी जाणून वापरला आहे. काही विषाणू दुसऱ्या दाराच्या पायरीवर पाय ठेवावयास शिकलेले असतात. त्या पायरीचे नाव सीएक्ससीआर-४. दोन्ही प्रती गळक्या असलेल्या माणसांनाही अशा विषाणूची लागण झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणजे अभेद्य असा कोणीच नाही.

आता आपल्या कामाचा प्रश्न. ही देणगी कोणाकोणाजवळ आहे? उत्तर युरोपातील लोकांत शंभरामागे सुमारे एकाजवळ दोन्ही प्रती सापडतात. दक्षिण युरोपात हे प्रमाण कमी होत जाते. आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांत व चीन-जपानकडे ती जवळजवळ नाहीच. आणि भारतात जेव्हा जेव्हा शोध घेतला गेला, तेव्हा ती फारच विरळ आढळली. तेव्हा श्रोतेहो, अड्ड्यावर कोणी छाती ठोकून "आपले रक्त कडक आहे" म्हणू लागला, तर त्याला हे सांगावे.

मग धाकटा वाचला कसा? याचे उत्तर साधे आहे, आणि म्हणूनच ते आपल्या मनाला पटत नाही. या विषाणूची लागण प्रत्येक संबंधात होतेच असे नाही. स्त्रीपुरुष संबंधात एका वेळी लागण होण्याचा संभव सरासरीने शेकडा एकाहूनही कमी असतो. समोरच्याच्या रक्तात विषाणू किती आहे, जखम आहे काय, दुसरा एखादा गुप्तरोग आहे काय, यावर तो वाढतो किंवा घटतो. चिठ्ठ्यांच्या मडक्यात हात घालण्यासारखे हे आहे. थोरल्याला वाईट चिठ्ठी आधी लागली. त्यात पापही नव्हते, पुण्यही नव्हते आणि जनुकही नव्हते.

नमुना दाखविणारी सळई

लागण होणे न होणे हा एक भाग. लागण झाल्यावर कोण किती काळ तग धरतो, हा दुसरा. शंभर बाधितांत एखादा, किंबहुना त्याहूनही विरळ असा कोणी, औषधाशिवाय वर्षानुवर्षे विषाणूला जवळजवळ न दिसण्याइतका दाबून ठेवतो. त्याच्याजवळ पायऱ्या शाबूत असतात. मग त्याचे बळ कशात?

आमचे हमालबंधू पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर धान्य बाहेर काढणारा व्यापारी रोज पाहतात. पोते न उसवता आतला माल कळतो. आपल्या पेशीही असेच करतात. आत जी प्रथिने आहेत त्यांचे तुकडे त्या पृष्ठभागावर आणून दाखवितात, आणि गस्तीवरच्या मारक पेशी ते नमुने तपासत फिरतात. परका तुकडा दिसला की ती पेशीच नष्ट केली जाते. नमुना धरणाऱ्या या सळईचे नाव एचएलए. ती माणसामाणसांत भलतीच वेगळी असते. परक्याचे मूत्रपिंड सहजासहजी का मानवत नाही, याचे मुख्य कारण हेच.

आता विषाणू मोठा बहुरूपी. नमुन्यातला तुकडा ओळखला गेला की तो त्याचे रूप बदलतो. पण बी-५७ आणि बी-२७ या नावाच्या सळया अशा जागचा तुकडा बाहेर काढतात, की तिथे बदल केला तर विषाणूच लंगडा होतो. उलट बी-३५ च्या काही प्रकारांत रोग लवकर बळावतो. २०१० साली सुमारे साडेतीन हजार बाधितांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यातही मुख्य फरक याच सळईच्या खोबणीत निघाला. पुढे २०१५ मध्ये एक मोठा हिशेब मांडला गेला. औषध न घेणाऱ्या माणसांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण कमीजास्त असते, त्यातील सुमारे एक चतुर्थांश फरक माणसाच्या जनुकांवर टाकता येतो. उरलेल्या मोठ्या भागात विषाणूची स्वतःची जात आहे, इतर अनेक गोष्टी आहेत.

आणि निखळ फायद्याचे जनुक, असे यात काही नाही. बी-२७ असणाऱ्यांना पाठीचा कणा आखडण्याचा एक विकार जडण्याचा संभव अधिक. बी-५७ च्या एका प्रकारच्या माणसाला ॲबॅकॅव्हिर हे एच.आय.व्ही.वरचेच औषध जीवघेणे बाधू शकते, म्हणून ते देण्यापूर्वी तपासणी करतात. ज्यांच्या पायऱ्या नाहीत, त्यांना वेस्ट नाईल नावाच्या दुसऱ्या विषाणूचा त्रास अधिक होतो, असे २००६ मध्ये दिसून आले. निसर्ग एका हाताने देतो तेव्हा दुसरा हात कुठे आहे ते पाहून घ्यावे.

नैरोबीच्या स्त्रिया

केनियातील नैरोबी शहरात पुमवानी म्हणून गरिबांची वस्ती आहे. तिथे देहविक्रय करून पोट भरणाऱ्या स्त्रियांची नियमित तपासणी १९८५ पासून होऊ लागली. नैरोबी आणि कॅनडातील मॅनिटोबा या विद्यापीठांचे डॉक्टर ती करीत. बहुतेक स्त्रिया बाधित झाल्या. पण काही थोड्या स्त्रियांना वर्षानुवर्षे लागण झाली नाही. त्यांच्या पायऱ्या जागेवर होत्या. त्यांच्या शरीरात विषाणूला ओळखणाऱ्या मारक पेशी मात्र सापडल्या. एचएलएचे काही प्रकारही त्यांच्यात अधिक दिसले.

पण पुढचे ऐका. यांतील काही स्त्रियांना नंतर लागण झाली. पाहता असे आढळले की, त्यांनी मध्यंतरी धंदा कमी केला होता किंवा थांबविला होता. सतत संपर्क होता तोवर मारक पेशी जागत्या होत्या. संपर्क तुटला आणि गस्त सैल पडली, असा अर्थ संशोधकांनी लावला. जन्माचे कवचकुंडल समजावे, ते भाड्याचे निघाले. या स्त्रियांनी जगाला फार मोठे ज्ञान दिले. त्यांना कोणी पुण्यवान म्हटले नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ज्ञानाचा उपयोग

या शोधांचे झाले काय? पायरी सापडली म्हणताच ती झाकण्याचे औषध शोधले गेले. मॅराव्हिरॉक हे ते औषध. अमेरिकेत २००७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमोथी ब्राउन या रुग्णाला रक्ताच्या कर्करोगासाठी दुसऱ्याच्या मूळ पेशी देण्याची वेळ आली. डॉक्टर ह्यूटर यांनी मुद्दाम असा दाता शोधला, की ज्याच्या दोन्ही प्रती गळक्या होत्या. ब्राउनच्या शरीरातून एच.आय.व्ही. नाहीसा झाला. तो पुढे २०२० मध्ये गेला, पण कर्करोग उलटल्यामुळे. नंतर लंडन, ड्यूसेलडोर्फ येथेही असे रुग्ण बरे झाले. मात्र हा उपचार स्वतःच प्राणावर बेतणारा असतो; कर्करोग असेल तरच तो करावयाचा.

अतिरेकही झाला. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानक्वी या संशोधकाने भ्रूणांच्या सीसीआर-५ जनुकात फेरफार करून जुळ्या मुली जन्माला आणल्याचे जाहीर केले. ती नेमकी बत्तीस अक्षरांची गाळणी साधलीच नव्हती. त्याला २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. जे साध्या गोळीने साधते, त्यासाठी पोरींच्या पुढच्या पिढ्यांची आज्ञा खोडणे, याला काय म्हणावे?

साध्या गोळीने काय साधते, तेही सांगतो. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर एक प्रयोग झाला. प्रत्येक जोडप्यात एक बाधित, दुसरा निरोगी. आपले पुणे त्यात होते, चेन्नईही होते. काही जोडप्यांत बाधिताला औषध लगेच दिले, काहींत प्रकृती उतरू लागल्यावर. २०११ मध्ये हिशेब आला. जोडीदाराकडूनच झालेल्या लागणी एकूण २८. त्यांतील २७ औषध उशिरा दिलेल्या गटात, आणि लगेच दिलेल्या गटात अवघी एक. पुढील अभ्यासांनी तर असे दाखविले की, औषधाने रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधातून लागण होत नाही. उत्तर युरोपात शंभरांत एकाला जन्माने जे मिळते, त्याच्या तोडीचे संरक्षण नियमित गोळी घेणाऱ्या कोणाही बाधिताच्या जोडीदाराला मिळते. त्यासाठी विशिष्ट आईबापांच्या पोटी यावे लागत नाही.

युनियनवाल्याचा हिशेब

आता माझ्या प्रांतात येतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा खटला आला. रक्तात एच.आय.व्ही. निघाला म्हणून त्याचे काम गेले होते. कागदोपत्री त्याचे नाव नव्हते, "एमएक्स" एवढीच अक्षरे होती. १९९७ मध्ये न्यायालयाने सांगितले की, माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ या कारणाने त्याची रोजी हिरावता येणार नाही. थोरल्याचा हिशेब झाला १९९८ मध्ये. म्हणजे निकाल होता, वर्षभर आधीचा! मला तो ठाऊक नव्हता, आणि ठाऊक करून घेण्याची धडपडही मी केली नाही. आज २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. नोकरी देताना ही तपासणी सक्तीची करता येत नाही, आणि या कारणाने कामावरून काढताही येत नाही. हा कायदा आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या कामाच्या जागी सांगावा.

स्टीफन क्रोनचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. रोग त्याला कधीच झाला नाही. पण सारे सोबती गमावून मागे उरल्याचे ओझे त्याला पेलले नाही. २०१३ मध्ये त्याने आपले जीवन संपविले. ज्याला अड्ड्यावरचे लोक पुण्य म्हणाले असते, ते त्या माणसाला असे जड गेले.

आणि आमचे दोघे? थोरला २००१ मध्ये गेला. त्या वेळी गोळ्या होत्या, पण आमच्यासारख्यांना न परवडणाऱ्या. धाकट्याचा रिपोर्ट २००३ मध्ये बदलला. मडक्यात हात घालणे त्याने थांबविले नव्हते. मात्र १ एप्रिल २००४ पासून सरकारने या गोळ्या फुकट देण्यास सुरुवात केली होती. त्याला त्या २००६ मध्ये लागू झाल्या. तो आजही आहे. मागच्या वर्षी त्याच्या नातवाच्या बारशाला मी जेवून आलो.

दोघांत फरक रक्ताचा नव्हता. फरक होता पाच वर्षांचा आणि एका गोळीचा. ती गोळी मिळविण्यासाठी भांडणे हे आपल्या हातचे होते, आणि तो ग्लास बाजूला सारून त्याच्या पुढ्यात आपल्यातलाच कप ठेवणे, हे तर त्याहून सोपे होते. जे सोपे होते तेच माझ्या हातून झाले नाही. आपल्या हातून व्हावे, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.